'क्लोज' बघून रडलो, आणि मग राग आला. कुणाचं असं झालंय का?

मोडका_प्रोजेक्टर:

आधीच सांगून ठेवतो, पुढे स्पॉयलर आहेत आणि मोठे आहेत, शिवाय विषय एका शाळकरी मुलाच्या आत्महत्येचा आहे, तेव्हा ज्यांना आत्ता ते वाचायचं नसेल त्यांनी इथूनच मागे फिरा.

तर लुकास दोंटचा 'क्लोज', २०२२ चा बेल्जियन सिनेमा, मी आत्ता इतक्या उशिरा बघितला. लिओ आणि रेमी, १३ वर्षांचे दोन मित्र. लिओच्या घरची फुलशेती, रेमी ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवतो, अख्खी सुट्टी एकमेकांच्या घरी पडीक, रात्री झोपायलाही एकाच अंथरुणात. मग नवीन शाळा सुरू होते आणि सुरुवातीच्याच दिवसांत मुलींच्या घोळक्यातली एक जण सहज विचारते की तुमच्या दोघांचं काही आहे का. बस, एवढंच. लिओ आतून दचकतो आणि हळूहळू रेमीला लांब करायला लागतो, आइस हॉकीला जायला लागतो, दुसऱ्या पोरांत मिसळतो, आणि रेमीला बिचाऱ्याला कळतच नाही आपलं नक्की काय चुकलं. पिक्चर निम्म्यावर येतो न येतो तोच रेमी गेलेला असतो.

उरलेला वेळ मी रडत होतो, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चक्क राग आला. कुणीतरी खिशात हात घालून पाकीट मारावं तसं माझ्या डोळ्यांतून पाणी काढून नेलंय असं वाटायला लागलं. गोड पोरं, फुलांचे ताटवे, मागे व्हायोलिन, आणि मग एका पोराला मारून टाका, अशावेळी कोण रडणार नाही? मग रिव्ह्यू शोधून वाचले तर तिथेही दोन तट. एकीकडे फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री (दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस), ऑस्करचं नामांकन, मुलांच्या अभिनयावर सगळे फिदा, आणि दुसरीकडे बरेच समीक्षक सरळ म्हणतायत की हे भावनिक ब्लॅकमेल आहे, मृत्यू कथेतलं बटण म्हणून दाबलाय.

तुम्हाला काय वाटलं? मी दगड आहे की पिक्चर लबाड आहे?

---

सबटायटलवाली:

दगड असता तर रडला नसतात, तेव्हा तो पर्याय बाद :)

मला विचाराल तर पिक्चर लबाड नाहीये, आणि का ते एकाच सीनवरून सांगते. शाळेच्या मैदानात सगळी गवतावर पसरलीयेत, रेमी नेहमीच्या सवयीनं लिओच्या पोटावर डोकं टेकवतो. लिओ काही बोलत नाही, ढकलत नाही, नुसता कूस बदलल्यासारखा बाजूला सरकतो. रेमीचं डोकं गवतावर. संपला सीन. ना कुणी चिडवतंय, ना म्युझिक, ना कुणाच्या तोंडी एक वाक्य. लबाड दिग्दर्शकानं इथे पाच पोरं हसताना दाखवली असती, नाहीतर रेमीच्या डोळ्यांचा क्लोजअप लावला असता. दोंट फक्त ते सरकणं दाखवतो. आपण प्रत्येकानं आयुष्यात कधी ना कधी कुणापासून तरी असं सरकून घेतलेलं असतं आणि नंतर स्वतःलाच सांगितलेलं असतं की मी तर काहीच केलं नाही. मला तरी पोटात खड्डा तिथे पडला, मृत्यूच्या वेळी नाही.

आणि मृत्यू दाखवलाय कुठे? शाळेची सहल समुद्रावर गेलीये, रेमी आलेला नाही, परत येताना बस थांबते तर सगळ्यांचे आईवडील बाहेर उभे. लिओला बसमधून उतरायचंच नसतं, त्याला आधीच कळलेलं असतं आणि आपल्यालाही. कसं, काय, कुठे, यातलं काहीही नाही. ब्लॅकमेल करणाऱ्याला इतका संयम परवडत नाही हो.

---

चष्मा_कुठाय:

मी विरुद्ध पार्टीत. सबटायटलवाली, तो गवताचा सीन भारी आहे यात वादच नाही, पहिली ४० मिनिटं तर मी म्हणीन की मुलांच्या मैत्रीवर इतकं नाजूक काम मी फार कमी वेळा बघितलंय. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे.

रेमी कोण आहे? खरंच सांगा. ओबो वाजवतो, हळवा आहे, लिओवर जीव टाकतो. झालं. लिओ बदलला तेव्हा रेमीच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला जवळपास कळतच नाही, कॅमेरा कायम लिओला चिकटलेला. आणि मग तो मरतो, कशासाठी, तर लिओ मोठा व्हावा म्हणून. एका पोराच्या कमिंग ऑफ एजचं, म्हणजे मोठं होण्याचं, बिल दुसऱ्या पोरानं भरायचं. हे मला खटकतं, आणि जे समीक्षक वैतागले त्यातल्या बऱ्याच जणांना हेच खटकलंय. जी गोष्ट रोज शाळांमध्ये घडते, म्हणजे दोन मित्र तुटतात, एक जण वर्षभर एकटा डबा खातो, नंतर दोघंही मोठे होतात आणि लग्नाकार्यात भेटले तर अवघडून हसतात, त्या गोष्टीवर दिग्दर्शकाचा भरवसा नव्हता का? ती पुरेशी दुःखद नव्हती? मृत्यू आला की सगळे प्रश्न आपोआप जड होतात, लिखाणात मेहनत घ्यायची गरज उरत नाही.

दुसरं म्हणजे हा एकट्या 'क्लोज'चा मामला नाहीये. दोंटचा पहिला पिक्चर 'गर्ल', २०१८, बॅले शिकणाऱ्या ट्रान्स मुलीवर. कानला कॅमेरा दोर (पहिल्या सिनेमासाठीचं बक्षीस) मिळाला, जोरदार कौतुक, आणि मग ट्रान्स लेखक-समीक्षकांनी झोडपला, कारण कॅमेरा सारखा तिच्या शरीरावर, प्रमुख भूमिकेत सिसजेंडर, म्हणजे ट्रान्स नसलेला, मुलगा, आणि शेवटाकडे तिनं स्वतःच्याच शरीराला केलेली भयंकर इजा. ज्या नर्तिकेवरून तो सिनेमा सुचला ती स्वतः त्याच्या बाजूनं उभी राहिली हेही खरं, ते लपवत नाही. पण दोन पिक्चर, दोन्हीकडे एक हळवं पोर, आणि दोन्हीकडे आता गोष्ट कुठे न्यायची असा प्रश्न आला की शरीरावर घाला. एकदा झालं तर कथा, दोनदा झालं तर सवय.

---

मोडका_प्रोजेक्टर:

चष्मा, बरोब्बर. मला जे धड मांडता येत नव्हतं ते हेच. एका पोराचं बिल दुसऱ्यानं भरायचं.

पण मग एक सांगा, दुसऱ्या भागात मला सगळ्यात जास्त हलवलं ते लिओनं नाही, रेमीच्या बापानं. दोन्ही कुटुंबं जेवायला बसलीयेत, काहीतरी बोलायचं म्हणून लिओच्या मोठ्या भावाला पुढे काय करणार वगैरे विचारतात, तो बिचारा साधेपणानं आपले बेत सांगत असतो आणि ऐकता ऐकता रेमीचा बाप कोसळतो. कुणीच चुकीचं काही बोललेलं नाही. भाऊ मात्र आपण गुन्हा केल्यासारखा गप्प. हा सीन पाकीटमाराचा नाही वाटत मला. म्हणजे माझी केसच ढिली पडतेय की काय.

---

खडू_डस्टर:

धागा आवडला. मी सातवी-आठवीच्या वर्गांवर बरीच वर्षं शिकवतेय, त्यामुळे सिनेमाबद्दल कमी आणि पोरांबद्दल जास्त बोलेन, सांभाळून घ्या.

दोंटनं मुलाखतींमधून सांगितलंय की या सिनेमाचं बी एका पुस्तकात होतं, निओबी वे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचं, २०११ चं. त्यांनी किशोरवयीन मुलांशी वर्षानुवर्षं बोलून ते लिहिलं. त्यातली मुख्य गोष्ट अशी की १२-१३ वर्षांची पोरं आपल्या जिवलग मित्राबद्दल अगदी उघडपणे बोलतात, त्याच्याशिवाय वेड लागेल, त्याला सगळं सांगतो, अशा भाषेत, आणि तीच पोरं १६-१७ ची झाली की खांदे उडवतात. मित्र आहेत की, पण तसे नाहीत. मधल्या काळात त्यांना कळून चुकलेलं असतं की ही भाषा मुलग्यानं बोलायची नसते.

मी हे दरवर्षी बघते. जूनमध्ये जी दोन पोरं गळ्यात गळे घालून वर्गात येतात ती दिवाळीनंतर वेगवेगळ्या बाकांवर असतात आणि विचारलं तर काय नाय बाई, असंच. ते असंच म्हणजे काय हे शोधून काढायला आपल्याकडे ना वेळ ना शब्द. म्हणून मला वाटतं की रेमीच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही ही चष्मा यांना वाटणारी उणीव मुद्दाम ठेवलेली आहे. लिओलाही कळत नाही. त्यानं बघायचंच नाही असं ठरवलेलं असतं ना, मग कॅमेरा तरी कसा बघणार?

रेमी गेल्यावर वर्गात मुलांना गोल बसवून त्याच्याबद्दल बोलायला लावतात, कुणीतरी म्हणतं तो नेहमी आनंदी असायचा, आणि लिओ फाडकन विचारतो की तुला काय माहीत. तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आम्ही मोठी माणसं अशा वेळी जे जे करतो, गोल बसवा, चित्रं काढा, भावना व्यक्त करा, ते सगळं चांगल्या मनानं केलेलं असतं आणि त्या पोरापर्यंत त्यातलं काही म्हणजे काही पोचत नाही. सिनेमानं आमची टिंगलही केली नाही आणि आम्हाला पासही केलं नाही.

---

दुपारची_झोप:

मी अजून बघितलेला नाही, स्पॉयलर वाचून बसलो, आता काय.

अवांतर: नावाचा उच्चार क्लोज की क्लोस? दार लावा मधला की जवळचा मधला?

---

सबटायटलवाली:

जवळचा मधला, म्हणजे क्लोस. पण आपल्याकडे दोन्हीला क्लोजच म्हणतात आणि खरं सांगू का, या सिनेमाला ते जास्त शोभतं. निम्म्यापर्यंत एक अर्थ, नंतर दुसरा. पिक्चर फ्रेंच आणि डचमध्ये, नाव इंग्रजी, त्यामुळे दिग्दर्शकाच्या डोक्यात हे दोन्ही अर्थ असतील असं मी धरून चाललेय.

खडू_डस्टर, +१. फक्त एक भर घालते, हॉकीचं हेल्मेट. तोंडावर जाळी असते त्याला. फुलांच्या शेतातून धावणारा लिओ आणि जाळीमागचा लिओ. हे जरा जास्तच हाताला धरून दाखवल्यासारखं आहे, मान्य, पण ते पोर बर्फावर नीट उभंही राहू शकत नसताना ज्या जिद्दीनं धडपडतं ना, तिथे मला हसूही येत होतं आणि कसंतरीही होत होतं. मर्दानगी शिकायला गेलाय आणि धड स्केटिंग येत नाही.

---

वाचनमात्र:

सहसा लिहीत नाही पण बक्षिसांचा विषय निघालाय तर दोन गोष्टी, कारण कौतुक आणि टीका दोन्ही नीट कळायला त्या वर्षाचं कान बघावं लागतं.

ग्रां प्री मिळालं ते एकट्याला नाही, क्लेअर दनीच्या 'स्टार्स ॲट नून'बरोबर वाटून. पहिलं बक्षीस, पाम दोर, 'ट्रँगल ऑफ सॅडनेस'ला. ज्युरी प्राइझही दोघांत वाटलं, त्यातला एक 'द एट माउंटन्स', तोही बेल्जियन दिग्दर्शकांचा आणि तोही दोन मुलांच्या मैत्रीवर, फक्त तिथे मैत्री आल्प्समध्ये मोठेपणीही चालू राहते. वर बेल्जियमच्याच दार्देन या दिग्दर्शक बंधूंना महोत्सवाच्या ७५ व्या वर्षाचं खास बक्षीस. म्हणजे एवढासा देश आणि एका वर्षात तीन-तीन. तेव्हा या सिनेमाला कुणी उगाच डोक्यावर घेतलं असं म्हणता येत नाही, आणि निर्विवाद एकमत होतं असंही नाही.

दुसरी गोष्ट जास्त इंटरेस्टिंग. तिथेच क्विअर, म्हणजे समलिंगी-ट्रान्स वगैरे विषयांवरच्या, सिनेमांसाठी क्विअर पाम म्हणून वेगळं बक्षीस असतं, ते सगळ्यांना वाटलं 'क्लोज' घेऊन जाणार ('गर्ल'ला मिळालंच होतं), पण मिळालं पाकिस्तानच्या 'जॉयलँड'ला. यावरून एक जुनाच वाद पुन्हा पेटला की 'क्लोज' क्विअर सिनेमा आहे की नाही. पोरांना एकमेकांबद्दल नक्की काय वाटतं ते सिनेमा सांगतच नाही. काहींना हा पळपुटेपणा वाटला. मला उलट वाटतं, त्या मुलीनं विचारलेला प्रश्न आपणही विचारत बसलो तर आपण त्या घोळक्यातच जाऊन बसलो की. तुमचं काही आहे का? पोरांनाच अजून माहीत नाही, तुम्हाला कशाला घाई.

आणि रेमीच्या आईबद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून? एमिली दकेन. १९९९ मध्ये दार्देन बंधूंच्या 'रोझेटा'तली ती हट्टी, काम मिळवण्यासाठी जिवाचा आटापिटा करणारी मुलगी हीच, तेव्हा १७ वर्षांची, पहिलाच सिनेमा आणि थेट कानचं अभिनयाचं बक्षीस. बेल्जियन सिनेमातलं ते पोर इथे आई होऊन आलंय. २०२५ च्या मार्चमध्ये कॅन्सरनं गेली, ४३ वर्षांची. आता 'क्लोज' परत बघणं मला तरी जड जाणार आहे.

---

चष्मा_कुठाय:

वाचनमात्र, तुम्ही सहसा लिहीत जा हो.

दकेनबद्दल शंभर टक्के. तो गाडीतला सीन तिच्यामुळे तरलाय. लिओ ती काम करते त्या हॉस्पिटलात जाऊन पोचतो, ती त्याला घरी सोडायला निघते आणि गाडीत तो शेवटी बोलून टाकतो की माझ्यामुळे झालं, मी त्याला दूर केलं. कुठल्याही दुसऱ्या पिक्चरमध्ये आईनं तिथल्या तिथे त्याला मिठीत घेतलं असतं. ही म्हणते, उतर गाडीतून. तो जंगलात पळतो, ती मागे धावते, आणि पोरगं हातात फांदी घेऊन उभं राहतं, म्हणजे त्याला खरोखर वाटतं की ही आता मारणार. मिठी त्याच्यानंतर. त्या मधल्या अर्ध्या मिनिटात ती आई काय काय असू शकली असती ते सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसतं. एवढ्यापुरती माझी टीका मागे, बाकी जागच्या जागी.

फुलांचं मात्र मी सोडणार नाही. फुलं तुडवत धावणं, फुलं कापणारी मशिनं, चिखलात पुन्हा लावणी, पुन्हा फुलं. ऋतूंनी दुःखाचं वेळापत्रक लावून दिलंय. सुंदर दिसतं, पण दुःख इतकं शिस्तीत येत नाही.

आणि शेवट. लिओ शेतात धावतो, थांबतो, मागे वळून कॅमेऱ्यात बघतो. आता हे बघून १९५९ चा फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा 'फोर हंड्रेड ब्लोज' आठवला नाही असा माणूस दाखवा. तिथेही धावणारं पोर, समुद्र, कॅमेऱ्यात नजर आणि फ्रेम गोठते. गंमत बघा, त्रुफो स्वतः आधी जहाल समीक्षक, इतका की १९५८ च्या कानला त्याला प्रवेश नाकारला होता, आणि पुढच्याच वर्षी तिथेच बेस्ट डायरेक्टर. पण त्याच्या त्या नजरेत पुढे काय याचं उत्तर नसतं म्हणून ती टोचते. लिओच्या नजरेत मला उत्तर तयार दिसतं, जखम भरतेय, आयुष्य पुढे जातंय. तुम्हाला वेगळं दिसलं असेल.

प्रोजेक्टरराव, राग घालवायचा असेल तर दोन औषधं. एक, लॉरा वांडेलचा 'प्लेग्राउंड', २०२१, हाही बेल्जियनच, जेमतेम ७२ मिनिटं, कॅमेरा पूर्ण वेळ सात वर्षांच्या मुलीच्या उंचीवर, मोठ्या माणसांचे चेहरे दिसायचे तर त्यांनीच खाली वाकायचं. संगीत नाही, फुलं नाहीत, शाळेच्या आवारातली दादागिरी फक्त. दोन, 'द क्वाएट गर्ल', आयरिश भाषेतला, त्या वर्षी ऑस्करच्या त्याच यादीत 'क्लोज'च्या शेजारी होता (जिंकला 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट', असो). तिथेही एक मूल, एक उन्हाळा, एक घर ज्यात आधीच एक दुःख होऊन गेलेलं आहे. पण ते दुःख आपल्यासमोर घडवून आणत नाहीत, आपण पोचायच्या आधीच ते तिथे राहायला आलेलं असतं. दोन्ही बघा आणि मग परत 'क्लोज' लावा.

---

खडू_डस्टर:

शिस्तीत येत नाही हे खरं, पण शेतकऱ्याच्या घरात दुःख आलं तरी काम शिस्तीतच करावं लागतं ना. लावणी थांबत नाही. मला ते वेळापत्रक दिग्दर्शकाचं नाही, त्या घराचं वाटलं. लिओ घरच्यांबरोबर मातीत हात घालून गुमान काम करतो, त्याच्या बापाला त्याच्याशी बोलायला दुसरी भाषाच येत नाही.

आणि हात मोडतो तेव्हाचं बघा, प्लास्टर घालताना कुठे तो पहिल्यांदा धाय मोकलून रडतो. हाताचं कारण मिळालं म्हणून. वर्गातली पोरं अशीच रडतात, गुडघा फुटायची वाट बघत असतात.

---

दुपारची_झोप:

बघितला काल रात्री. स्पॉयलर माहीत असूनही बस थांबली तेव्हा पॉज करून पाणी प्यायला उठलो. काही बोलायचं नाहीये आत्ता.

---

मोडका_प्रोजेक्टर:

सगळ्यांचे आभार, इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. चष्मा, 'प्लेग्राउंड' बघितला, घशात आवंढा अडकवून सोडतो, 'क्वाएट गर्ल' या शनिवारी.

काल 'क्लोज'चा फक्त पहिला अर्धा तास परत लावला, मुद्दाम रेमीकडेच बघायचं ठरवून. आणि एक गोष्ट पहिल्या वेळी माझ्यापुढून चक्क निसटली होती. सुरुवातीलाच रात्रीचा सीन आहे, रेमीला झोप येत नाहीये, डोक्यातले विचार थांबत नाहीत, आणि लिओ त्याला अंथरुणात पडल्या पडल्या बदकाच्या पिल्लाची गोष्ट रचून सांगतो, हळू आवाजात, तो शांत होईपर्यंत. मला पहिल्यांदा तो सीन नुसता गोड वाटला होता, अरे वा काय मैत्री वगैरे. म्हणजे रेमीच्या डोक्यात काय चाललंय ते सिनेमानं दहाव्या-पंधराव्या मिनिटालाच सांगून ठेवलं होतं, आणि मी तेव्हाही लिओकडेच बघत होतो, गोष्ट किती छान सांगतो म्हणून.

बिलाबद्दलचं चष्मांचं म्हणणं मला अजूनही पटतं. पण राग कुणावर काढायचा हे जरा गडबडलंय. पुढे एका रात्री लिओ आपल्या भावाच्या अंथरुणात शिरून झोपतो आणि म्हणतो की त्याची आठवण येते. तिथे पोचायच्या आधीच मी बंद केला.

---

सबटायटलवाली:

शनिवारी 'क्वाएट गर्ल' बघून झाला की इथेच लिहा. रुमाल घेऊन बसा, तिथेही शेवटी एक पोर धावतं.